विकायची की ठेवायची?

आपल्याकडे टीकाकार नाही असा प्रांत उरलेला नाही. गाण्याला टीकाकार आहेत, नाटकाला आहेत, क्रिकेटला तर घरटी एक आहे. आमच्या घरी आमटीच्या मिठावर रोज समीक्षा होते आणि ती ऐकायला मूळ कलावंत हातात पळी घेऊन समोर उभी असते. मात्र गाडीला लावलेल्या पॉलिशवर कोणी दोन गंभीर शब्द लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ‘वा, चकाचक!’ एवढ्यावर लोक विषय मिटवतात. गवयाने तीन तास जीव ओतून गावं आणि श्रोत्यांनी ‘वा, आवाज मोठा आहे!’ म्हणून चपला शोधायला लागावं, त्यातलाच हा प्रकार. ही उणीव थोडीफार भरून काढावी म्हणून हा प्रपंच. माझी पात्रता विचाराल तर मी बी. कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि चकाकीने एकदा फसलेलो आहे. समीक्षकाला यातली शेवटची पात्रता पुरते.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी गाडी घेतली. आमच्या वर्गात ‘गाडी घेतली’ हे शब्द मोठ्याने आणि ‘जुनी’ हा शब्द खोकल्याबरोबर उच्चारायची पद्धत आहे. गडद निळा रंग, चार दारं, एमएच-२८ म्हणजे आमच्या बुलढाण्याचाच नंबर. विकणाऱ्या गृहस्थांनी मला दिवस मावळताना बोलावलं होतं. मला तो त्यांचा आतिथ्यशील स्वभाव वाटला. त्यामागे उन्हाचा खोल अभ्यास होता हे नंतर कळलं. त्या मऊ उजेडात गाडी अशी काही झळकत होती की बॉनेटमध्ये मला माझा चेहरा दिसला, आणि तो असतो त्यापेक्षा बरा दिसला. सौदा तिथेच झाला. इंजिन पाहायचं राहून गेलं, ते पुढे मेकॅनिकने महिनाभर पाहिलं.

मग मृगाचे दोन दमदार पाऊस झाले, मी गाडी दोनदा धुतली आणि लख्ख ऊन पडलं. पाहतो तो बॉनेटवर, टपावर, दारांवर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं! जिथे सूर्याचं प्रतिबिंब पडे तिथे मध्ये सूर्यनारायण आणि भोवती कोळ्याचं घर. आमच्या सौभाग्यवती अशा बाबतीत थोडं बोलतात, पण जे बोलतात ते टिकाऊ असतं. त्या म्हणाल्या, “अहो, हिला कुणीतरी नारळाच्या शेंडीने घासलंय.”

पंधरा दिवसांपूर्वीची ती चकाकी गेली कुठे, हे कोडं मला यंदा उलगडलं.

यंदा मुलगी अमरावतीला शिकायला गेली आणि घरच्या ताळेबंदात गाडी जड पडू लागली. वाणिज्य शाखेच्या माणसाला अशा वेळी घसारा आठवतो. थांबलो तर किंमत आणखी उतरणार, तेव्हा विकावी. गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या शाखेतल्या शिपायाला गाडी हवीच होती. त्याच्या आईला दर महिन्याला दवाखान्यासाठी खामगावला न्यावं लागतं आणि एसटीच्या पायऱ्या आता तिच्याने चढवत नाहीत. मी म्हटलं, एकदा गाडी नीट पाहून घे. तर तो म्हणाला,

“कायले भाऊ? तुमी बँकेतले मानूस, पराया पैसा दोनदा मोजनारे. तुमी काही बोलले नाई म्हंजे गाडीत काही नाई, असंच मी समजतो.”

हे वाक्य ऐकून मला गुदगुल्या झाल्या. त्यात गळ आहे हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

तरीही गाडी हवाली करण्याआधी जरा चमकवून घ्यावी असं मनात आलंच. आपल्यावर जे गुजरलं ते पुढच्यावर गुजरू द्यावं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सासवा आणि वसतिगृहं तिच्यावरच चालत आली आहेत. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी, रविवार साधून, मी चिखली रस्त्यावर गेलो.

तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक तरुण हे काम करतो. शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात चार वर्षं हात काळे करून आलेला. दाराशी दरपत्रक टांगलं होतं: डायमंड, प्लॅटिनम, गोल्ड आणि सगळ्यात शेवटी सिल्व्हर. ज्या जिल्ह्यात खामगावची चांदी नावाजलेली, तिथे चांदीला सगळ्यात खालची पायरी दिलेली पाहून माझ्यातला समीक्षक जागा झाला. शेजारी ‘शोरूमसारखी चमक’ असंही लिहिलं होतं. शोरूममधली निम्मी चमक दिव्यांची असते, हे दुकानातून साडी घेऊन घरी आलेल्या कोणत्याही बाईला विचारावं.

मी म्हटलं, “पॉलिश करायचंय.”

त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टपावर मोबाइलचा उजेड मारला आणि विचारलं,

“काका, विकाची हाये का ठेवाची?”

आपल्या साहित्यात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद पुष्कळ वर्षं रंगला. दोन्ही बाजूंचे लेख मी कॉलेजात पाठ केले होते आणि दोन्ही परीक्षेत लिहिले होते. तो वाद मला नीट समजला तो मात्र चिखली रस्त्यावरच्या या एका प्रश्नाने.

“फरक काय?” मी विचारलं.

“विकाची असन तं बाराशेत होते. ग्लेझ मारतो, दोन तासात आरसा. ठेवाची असन तं अख्खा दिवस लागन, अन् साडेचार हजार.”

“आणि दिसायला काय फरक?”

“आज सांजले? काहीच नाई.”

इतकं प्रामाणिक उत्तर मी आजवर एकाही कर्जदाराकडून ऐकलेलं नाही. मग त्याने ग्लेझ म्हणजे काय ते सांगितलं. त्यात तेलं असतात आणि ओरखडे बुजवणारी द्रव्यं असतात. ती त्या बारीक चऱ्यांत जाऊन बसतात, प्रकाश अडखळायचा थांबतो, आणि पृष्ठभाग गुळगुळीत असल्याचा भास होतो. पाचसहा वेळा गाडी धुतली की द्रव्य वाहून जातं आणि चरे होते तिथेच असतात. मार्चअखेरीला ताळेबंद बाळसेदार दिसावा म्हणून ठेवी दोन दिवस आणून ठेवायच्या आणि एप्रिल उजाडला की परत पाठवायच्या, याला आमच्या पुस्तकांत ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. माझ्या गाडीचं चार वर्षांपूर्वी तेच झालं होतं. मृगाचा पाऊस हा तिचा १ एप्रिल होता.

पण संध्याकाळी दिसण्यात फरक नसेल तर स्वस्त ते घ्यावं, इतकं अर्थशास्त्र मलाही येतं. मी म्हटलं, “विकायची.” प्रेक्षकांत आपला एकही ओळखीचा माणूस नाही ना, हे पाहून मग म्हटलं.

प्रयोगाला सुरुवात झाली. आधी भरपूर पाणी आणि साबण. मग त्याने चिकणमातीसारखा एक गोळा काढला आणि निसरडं पाणी फवारत तो अंगभर फिरवू लागला. आदल्या रात्री आमच्या आळीतली पोरं मातीचे बैल करत बसली होती, आणि इथे हा माती खेळतोय, असं वाटून मी हसलो. पण पाचच मिनिटांत तो गोळा काळा झाला. धुऊन न निघणारे डांबराचे कण, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड, हे सारं रंगात रुतून बसलेलं असतं आणि ही माती ते उपटून काढते. फडक्याखाली ते कण राहिले तर पुढचं पॉलिश म्हणजे पॉलिशपेपरने पाठ घासणं.

नंतर त्याने खिशातून काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र काढलं. लोखंडी पत्र्यावर टेकवलं की वरच्या थराची जाडी सांगतं. गाडीचा रंग हा एक थर नसतो: खाली गंज आवरणारा प्रायमर, त्यावर रंग, त्यावर बिनरंगी पारदर्शक थर. कारखान्यातून येते तेव्हा ही सगळी मंडळी मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतात. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉनचा धरा. म्हणजे ज्याच्या जोरावर आपण शेजाऱ्यापेक्षा दोन इंच उंच चालतो तो डौल दोन केसांइतकाही जाड नाही. ओरखडे असतात ते बहुधा सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात, आणि तो तर एका केसाहूनही पातळ.

बॉनेट ११५. टप ११०. पुढची दारं ११८. डावीकडचं मागचं दार ३१०.

“काका, हे दार पुन्हा रंगवेल हाये. कुठंतरी ठोकली होती पहिल्या मालकानं.” मग माझा चेहरा पाहून त्याने धीर दिला, “ग्लेझ मारलं का कोनाच्या बापाले दिसत नाई.”

मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो. चार वर्षं मी त्या दाराने मुलीला शाळेत सोडलं होतं. दाराने कधी तक्रार केली नव्हती. पण आता ते मला ठाऊक झालं होतं, आणि ठाऊक होणं हीच कायद्यातली सगळ्यात गैरसोयीची गोष्ट आहे.

बी. कॉम.ला आम्हाला १८७२चा भारतीय करार कायदा होता. त्यातल्या १७ व्या कलमात लबाडी म्हणजे काय ते सांगितलं आहे. आमच्या सरांनी शिकवताना त्यातल्या घोड्याचं उदाहरण इतकं रंगवलं होतं की सगळं वाणिज्य विसरलो तरी घोडा विसरलो नाही. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही लबाडी नाही. नुसतं गप्प बसणं माफ आहे. हे ऐकून आमच्या वर्गातल्या भावी व्यापाऱ्यांचे चेहरे उजळले होते. पण पुढे आणखी दोन घोडे आहेत. घेणारी जर विकणाऱ्याची नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला की ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन’, आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याच्याच बरोबरीचं!

आमचा शिपाई करार कायदा शिकलेला नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनी लिहिलेलं वाक्य त्याने स्टेशनरीच्या कपाटाजवळ उभं राहून मला जसंच्या तसं ऐकवलं होतं, तेही वऱ्हाडीत.

आणि मौनाची पळवाट एक वेळ धरली तरी ग्लेझचं काय? त्याच कलमात, ठाऊक असलेली गोष्ट खटपट करून लपवणं म्हणजे लबाडी, असंही आहे. दिसणारा ओरखडा तसाच ठेवून गप्प बसणं हे मौन झालं. बाराशे रुपये देऊन, यंत्राला वीज पुरवून, तो बुजवणं याला मौन म्हणत नाहीत. ते यंत्र चालू असताना शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही एवढंच त्यातलं मौन.

मी असा कायद्याच्या कचाट्यात सापडलेला असताना त्या तरुणाचे वडील सायकल ढकलत आले. हातात शिंगांच्या रंगाचे दोन डबे. त्यांनी पोराला विचारलं, तुझ्या यंत्राने बैलांची शिंगं घासून देशील का, काचेने घोळत बसायला वेळ नाही. पोरगा म्हणाला, “बाबा, शिंग तापन. बैल मले शेडसकट उचलन.”

म्हातारा हसला. “राहू दे. शिंगं काय, लोकायले दाखवाले असतात. खांदे बैलाचे असतात. सांजले खांदशेकणी हाये, वेळेवर ये.”

खांदशेकणी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळद लावून मळतात, शेकतात. वर्षभर जू बसून तिथली कातडी सोललेली, घट्टे पडलेली असते. दुसऱ्या दिवशी झूल पडली की ते खांदे कुणालाच दिसत नाहीत. मिरवणुकीत लोक पाहतात ती शिंगं, बेगड आणि गोंडे. खांदा कसा आहे ते बैलाला आणि धन्याला ठाऊक.

म्हाताऱ्याने सायकल वळवली. मी स्टुलावरून उठलो आणि म्हणालो, “ठेवायची.”

“पन तुमी तं विकाची म्हनले?”

“ज्याला विकणार त्याला ठेवायची आहे.”

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, ग्लेझची बाटली फळीवर ठेवली आणि रबरी पट्ट्यांवर, कडांवर निळी चिकटपट्टी लावायला घेतली. इथून पुढे खरी कला सुरू झाली, आणि समीक्षेचं कामही.

यंत्राविषयी आधी. अशी यंत्रं दोन जातींची. एक नुसतं स्वतःभोवती गरगरतं. काम झपाट्याचं, पण उष्णता एका जागी साचते, आणि उतावळ्या हाती कडेचा रंग पार उडून पत्रा डोकावतो. दुसऱ्याची चकती मध्यावर बसवलेली नसते, म्हणून ते स्वतःभोवती गिरकी घेतं आणि घिरट्याही घालतं, पृथ्वीसारखं. फार दाबलं तर गिरकी थांबते आणि नुकसान टळतं. जास्त दाब पडला की काम थांबवणारी यंत्रणा आमच्या कचेरीतही आहे, पण तिला पगार द्यावा लागतो. आमच्या कलावंताकडे हे दुसरं होतं.

आधी घासणी. दोन फूट लांब-रुंद एवढाच तुकडा घ्यायचा, कंपाउंड लावायचं, यंत्र आधी आडवं न्यायचं, मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत. चारसहा फेऱ्या झाल्या की पुसायचं. त्यानंतर त्याने स्पिरिट आणि पाण्याचं मिश्रण फवारून तो तुकडा पुन्हा पुसला. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, कंपाउंडचं तेलही ओरखडे लपवतं. ते काढल्याशिवाय आपल्याला आपलंच काम खरं दिसत नाही. हा दंडक साहित्यात लागू झाला तर किती आत्मचरित्रं तग धरतील, असा विचार मनात येऊन गेला. निरोप समारंभाच्या भाषणांचं तर नावच नको.

ओरखडा ‘काढला’ असं आपण म्हणतो ते भाषेपुरतं. ओरखडा म्हणजे खाच. खाच उचलून काढता येत नाही. तिच्या तळापर्यंत भोवतालची जमीन खाली आणावी लागते. म्हणजे दर घासणीत त्या केसाहून पातळ थरातला थोडा भाग कायमचा खर्ची पडतो. हे मला नवीन असलं तरी आमच्या घरी नव्हतं. सौ.च्या माहेरचं खामगावच्या चांदीचं निरांजन आहे. त्यावरच्या मोराला तिच्या आजीच्या काळी डोळा होता. दर सणाला रांगोळीने घासघासून आता मोर आंधळा झाला आहे. “चांदी रोज घासू नये, भांडं पातळ होतं,” हे ती मुलीला सांगत आली आहे. पॉलिशविषयीचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात येतं. घासणी ही मुदलातून केलेली उचल आहे.

म्हणूनच पुढचा अंक, सीलंटचा. पूर्वी गाड्यांना मेण लावत. त्यातलं नामांकित मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरून येतं. सीलंट म्हणजे त्या मेणाचा कारखान्यात जन्मलेला चुलतभाऊ. ताडाला ऊन सोसवतं, पण मेण बॉनेटवर फार दिवस टिकत नाही. सीलंट काही महिने टिकतं. ते ओरखडे काढत नाही. रंगावर एक पातळ पापुद्रा धरतं, म्हणजे धूळ, बोअरच्या जड पाण्याचे डाग, आमच्या शाखेसमोरच्या लिंबावरच्या कावळ्यांचा प्रसाद, हे आधी त्याला भिडतं आणि धुताना सहज सुटतं. आमच्या भाषेत ही तरतूद झाली: नुकसान होणारच आहे, ते मुदलाला लागण्याआधी झेलायला बाजूला काढून ठेवलेली रक्कम.

त्याने मऊ काळा स्पंज चढवला, त्यावर वाटाण्याएवढे चार थेंब ठेवले, यंत्राचा वेग सहापैकी दोनवर आणला आणि ते टपावर असं फिरवलं की आवाज मघाच्या भांडणाचा होता तो अंगाईचा झाला. चार थेंबांत अर्धा टप! साडेचार हजार मोजणाऱ्या माणसाला हे पाहवत नाही. मी म्हणालो, “अरे, जरा सढळ हाताने घाल की.”

“काका, जाड लावलं तरी बसते तेवढंच बसते. वरचं सारं फडक्यात जाते. तुमचे पैशे मी फडक्याले पाजू का?”

या ठिकाणी समीक्षकाने कबूल केलं पाहिजे की कलेतला संयम त्याला कलावंताने शिकवला. पंधराएक मिनिटांत त्या थरावर धुकं धरलं. त्याने एका कोपऱ्यात बोट ओढून पाहिलं. बोटाखालचं स्वच्छ निघालं, तेव्हाच मऊ मायक्रोफायबरचं फडकं घेऊन, न दाबता, धुकं उचललं. सगळं सावलीत आणि गार पत्र्यावर. “रातभर पानी लागू देऊ नका,” म्हणाला. श्रावणातल्या अमावास्येला ही अट घालायला धाडस लागतं.

आता गुणदोष. पहिला दोष दरपत्रकाचा. सीलंट दगड थोपवत नाही, आणि आमच्या जिल्ह्याची जागतिक कीर्ती तर एका खड्ड्यावर उभी आहे. लोणारचा तो खड्डा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे, उल्केने केलेला आहे आणि त्याला कोणी बुजवायला निघत नाही, कारण तो प्रेक्षणीय आहे. इतर खड्डे त्याचंच अनुकरण करतात. राजूर घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी पापुद्र्याला विचारून येत नाही. तेव्हा ‘आयुष्यभर संरक्षण’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर कोणाच्या आयुष्यभर, हे विचारून घ्यावं. दुसरा दोष, यंत्राचा बडेजाव. सीलंट हातानेही लागतं आणि चांगलं लागतं. यंत्राने थर एकसारखा आणि पातळ बसतो, माल वाचतो, दंड वाचतो, एवढंच. खरं काम त्याच्या आधीच झालेलं असतं. सीलंट जे खाली असेल तेच जपतं. खाली घाण ठेवली तर घाण जपेल, इमानाने.

आणि गुण? संध्याकाळी गाडी बाहेर काढली. दाराशेजारी एक खोल ओरखडा होता तो त्याने तसाच ठेवला होता. नखाला लागणारा ओरखडा काढायला गेलो तर थर संपेल, म्हणाला. बाकी गाडी निळीशार, शांत. बॉनेटमध्ये मी वाकून पाहिलं. चेहरा जसा आहे तसाच दिसला. ही मी या कामाला देऊ शकतो ती सर्वोच्च पावती.

सोमवारी नाही, मंगळवारी (सोमवारी पोळा होता) मी शिपायाला गाडीजवळ नेलं आणि तो डावीकडचा दरवाजा दाखवला. ३१०चा आकडा सांगितला, पहिल्या मालकाची धडक सांगितली, तो नखाला लागणारा ओरखडा दाखवला. मला वाटलं, आता हा मागे फिरेल. त्याने दारावर हात फिरवला आणि म्हणाला,

“इतकंच ना? भाऊ, माह्या घराचं दार तीनदा रंगवेल हाये.”

तरी मी पंधरा हजार कमी केले. त्याने मागितले नव्हते, घोड्याने मागितले. घरी हिशेब दिला. साडेचार हजार पॉलिशचे आणि पंधरा हजार कमी आलेले, मिळून साडेएकोणीस. सौ. निरांजन पुसत होती. न बघता म्हणाली, “म्हणजे घासून घासून शेवटी आपणच पातळ झालो.” मग थोड्या वेळाने, मला चहा देताना म्हणाली, “त्याच्या आईला पुढे बसवायला सांगा. मागच्या दाराची पायरी उंच आहे.”

दसऱ्याला त्याने गाडीची पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, वर पाच बोटांचे ठसे. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पहिल्याच धारेला कुंकू डाग न ठेवता ओघळून गेलं. सीलंटच्या समीक्षेत हा परिच्छेद मी अधोरेखित केला आहे.

खंत एकच आहे. सीलंट लावलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसू नये. धूळ फडक्याखाली घासली जाते आणि तेच कोळ्याचं घर पुन्हा उभं राहतं. हे समजावून मी त्याला दोन उत्तम मायक्रोफायबरची फडकी भेट दिली. ती त्याने पिशवीसकट डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवली आहेत. “इतकी चांगली फडकी, मयवाले जीव होत नाई,” म्हणतो. रोज सकाळी साडेनऊला तो लिंबाखाली गाडी लावतो, खांद्यावरचा दुपट्टा काढतो आणि सगळ्या जगासमोर बॉनेट खसखसून पुसतो. डाव्या मागच्या दारावर तर दोन हात जास्तच.

काउंटरच्या काचेतून मला ते सगळं दिसतं. मी नोटा दोनदा मोजतो.